सात वाजून दहा मिनिटांची नोंद

१

संगणक माझा, घर माझं आणि घरात राहणारा मी एकटा. तरीही तो चालू केला की मी नोंद करतो. लाल कापडी पाठीचं लांबडं रजिस्टर आहे, त्यात रकाने आखलेत: तारीख, चालू केल्याची वेळ, बंद केल्याची वेळ, कारण, सही. हसायचं असेल त्यानं खुशाल हसावं. पन्हाळ्याच्या कचेरीत एकतीस वर्षं रेकॉर्ड सांभाळलंय मी, आणि माझ्या खोलीतून एक चिठोरा कधी गहाळ झाला नाही. लोक मला पाठीमागं ‘बाळासो कुलूप’ म्हणायचे. मला ते लागलं नाही, उलट बरंच वाटायचं.

साने गुरुजी वसाहतीतल्या याच वरच्या मजल्यावरून मी रोज एसटीनं पन्हाळ्याला जायचो. आता कुठं जायचं नसतं. सकाळी साडेसहाला रंकाळा तलावाची चक्कर, पावणेआठला परत, मग एकट्यापुरता चहा. आठला संगणक. आठ ते नऊ मी एकच काम करतो, एक पत्र लिहितो. तीन वर्षं तेच पत्र लिहितोय.

जानेवारीतल्या एका मंगळवारी पत्राची फाईल उघडायच्या आधी माझं लक्ष तिच्यासमोरच्या आकड्यांकडं गेलं. शेवटचा बदल केल्याची वेळ तिथं दिसते. सकाळचे सात वाजून दहा मिनिटं, तारीख त्याच दिवसाची.

मी भिंतीवरचं घड्याळ बघितलं. आठ वाजून चार मिनिटं. संगणकातलं घड्याळही तेच सांगत होतं. रजिस्टरात शेवटची नोंद सोमवारची, नऊ वाजून पाच मिनिटांनी बंद, सही माझी.

सात वाजून दहा मिनिटांनी मी रंकाळ्याच्या काठी, शालिनी पॅलेसच्या बाजूला होतो. बुटाची नाडी सुटली म्हणून कठड्यावर बसलो होतो, तेव्हा वेळ बघितली होती. म्हणजे मशीन खोटं बोलत होतं किंवा मी. मशीन खोटं बोलतं असं ठरवून मी आणखी एक चहा प्यायलो.

२

पत्र माझ्या मुलीला आहे. वर्षाराणी तिचं नाव, मी वर्षू म्हणायचो. नऊ वर्षांपूर्वी, ती बावीस वर्षांची असताना, मी तिचा मेल उघडला. तिचा पासवर्ड तिच्या आईच्या नावाचा होता, मला दुसऱ्या खेपेलाच सापडला. कागलच्या एका मुलाची आणि तिची पत्रं होती. मी बसून सगळी वाचली. वाचून थांबलो असतो तर एक वेळ गोष्ट वेगळी. मी त्यांच्या प्रती काढल्या, तारखेनं लावल्या, पंच करून फाईलला नाडी बांधली आणि ती फाईल त्या मुलाच्या बापासमोर नेऊन ठेवली. ठरत आलेलं लग्न तिथंच मोडलं.

वर्षू ओरडली नाही. “माझ्या खोलीला बी कडी हुती, बाबा, पर ती तुम्हाला दिसली न्हाय,” एवढंच म्हणाली आणि बेंगलोरला नोकरीला निघून गेली. तिची आई वारली तेव्हा आली, दहा दिवस राहिली. माझ्याशी बोलली नाही. माझ्या ताटात वाढायची, पण माझ्याकडं बघायची नाही.

कुंपणानंच शेत खाल्लं, हे मला कळतं. पण कळणं निराळं आणि लिहिणं निराळं. माझ्या पत्राची सुरुवात अशी होती: “चि. वर्षाराणी हिस अनेक आशीर्वाद. मी तुझा मेल उघडला तो तुझ्या भल्यासाठी.” त्यापुढं दीड पान, जमाना कसा आहे, बापाची काळजी काय असते वगैरे. रोज एखादी ओळ घालायची, एखादी काढायची. पत्र नीट झालं की पाठवायचं आणि ती परत येईल, एवढी एकच आशा घेऊन मी रोज उठत होतो. खोटं कशाला बोलू?

त्या मंगळवारी पत्रात बदल एकच होता. ‘तुझ्या भल्यासाठी’ हे शब्द नव्हते. “मी तुझा मेल उघडला.” आणि पूर्णविराम.

माझ्या बोटानं चुकून पुसलं असेल म्हणून मी शब्द परत टाइप केले, नवा पासवर्ड घातला, रजिस्टरात ‘कारण: सुरक्षितता’ लिहिलं. बुधवारी सात-दहाला ते शब्द पुन्हा गेले. गुरुवारी त्यांच्याबरोबर जमान्याचा परिच्छेदही गेला.

कचेरीत माझ्या कागदाला हात लावायची साहेबाचीही छाती नव्हती. माझं डोकं तडकलं.

३

प्रियदर्शनीचं राजारामपुरीत संगणक दुरुस्तीचं दुकान आहे. चाळिशीची बाई, चष्मा कपाळावर, आवाज बाजार समितीत लिलाव करावा तसा. तिनं घरी येऊन तासभर मशीन तपासलं. मी शेजारी उभा राहून ती काय करते ते बघत होतो.

“काका, भायनं कोण आलेलं न्हाय,” ती म्हणाली. “व्हायरस न्हाय, काय न्हाय. ह्या खुर्चीवर बसून, पासवर्ड घालून उघडलंय. घरात आनी कोन असतंय?”

“कोणी नाही.”

“मग तुम्हीच उघडलासा आणि इसरलासा.”

“मी त्या वेळी रंकाळ्यावर असतो.”

ती हसली नाही. पडद्याजवळ तोंड नेऊन म्हणाली, “एक गंमत हाय बघा. कोण कधी आत शिरलं याची नोंद मशीनबी ठेवतंय, तुमच्या रजिस्टरावानी. तुम्ही आठ वाजता रोज दोनदा तरी पासवर्ड चुकतासा. चूक, चूक, मग बरोबर. सात-दहाला मात्र एकदाबी चूक न्हाय. पहिल्या फटक्यात आत.”

माझा हात कापतो. दोन वर्षं झाली. बोट शेजारच्या बटणावर पडतं.

तिनं मला चौदा अक्षरांचा पासवर्ड करायला लावला. शिवाय दुसरं कुलूप घातलं: पासवर्ड टाकला की माझ्या मोबाईलवर सहा आकडे येणार, ते घातल्याशिवाय दार उघडणार नाही. मोबाईल माझ्या खिशात, म्हणजे किल्ली माझ्या खिशात. कॅमेऱ्यावर काहीतरी चिकटवा म्हणाली, तेव्हा मी कपाटातून बायकोच्या टिकल्यांचं पाकीट काढलं आणि एक मरून टिकली त्या भोकावर लावली.

“आता मुंगीबी शिरत न्हाय,” ती बॅग उचलत म्हणाली. “पर काका, एकटं ऱ्हाऊ नगासा. ह्या पत्रातल्या लेकीला बोलवून घ्या की.”

मी तिला अजून एक कप चहा घ्या म्हटलं. तिला घाई होती. तिच्या चपलांचा आवाज जिन्यावरून खाली जाईपर्यंत मी दारात उभा होतो, आणि मग घर इतकं गप्प झालं की मला उगाचच खोकावंसं वाटलं.

४

दुसऱ्या दिवशी प्रियदर्शनीनं दाखवलेल्या मशीनच्या यादीत सात-दहाची नोंद होतीच. पासवर्ड पहिल्या फटक्यात बरोबर, सहा आकडे पहिल्या फटक्यात बरोबर. माझ्या मोबाईलवर कसलाही निरोप आलेला नव्हता. चालताना मी तो हातातच धरला होता. पत्र आता अर्ध्या पानाचं उरलं होतं.

मी स्वतःची परीक्षा घेतली. एकोणिसाचा पाढा म्हटला, अडखळलो नाही. पन्हाळ्याच्या रेकॉर्ड रूममधल्या कपाटांचा क्रम आठवला. डोकं शाबूत होतं, निदान मला तरी तसं वाटलं.

संध्याकाळी खालच्या झुंबरबाई वाटीभर वांग्याचं भरीत घेऊन वर आल्या. सत्तरीच्या आहेत, बारा वर्षं आम्ही एका जिन्यावर राहतो आणि माझ्याकडं कधी काही घेऊन आल्या नव्हत्या. माझं बोलणं तसलं, त्यांचा दोष नाही.

“हे कशाला?” मी विचारलं.

“सकाळी म्हणालासा की, भरीत खाऊन वरीस झालं.” त्या आत येऊन बसल्या. “लई बरं वाटलं बघा. माणूस कसं मोकळं बोलावं. लेकीचं सांगताना तुमच्या डोळ्यात पाणी आलं, मलाबी भरून आलं.”

वर्षूबद्दल नऊ वर्षांत मी कुणाशी चकार शब्द काढलेला नाही.

“किती वाजता?” मी वाटी घेत विचारलं.

“दूधवाला नुकता गेलता. सातच्या पुढं. तुम्ही ह्या दारात उभा हुतासा.” त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं आणि त्यांचा चेहरा जरा उतरला. “का? काय झालं?”

“काही नाही. भरीत चांगलं दिसतंय.”

“आत्ता तुम्ही परत पैल्यासारखं झालासा,” त्या म्हणाल्या आणि उठल्या.

वाटी माझ्या हातात राहिली. म्हातारीचा वार चुकत असेल, स्वप्न पडलं असेल, नाहीतर माझ्यावर दया येऊन तिनं काहीतरी रचलं असेल, असं मी मनाशी बोललो. पण भरीत खाऊन मला खरोखरच वर्ष झालं होतं.

५

त्याच्या पुढच्या सकाळी मी रंकाळ्याला गेलो नाही. दाराला आतून कडी घातली आणि संगणकासमोर, पण खुर्चीवर नाही, पलंगाच्या कडेवर बसलो. हातात काठी होती. काठीचं काय करणार होतो देव जाणे.

सात वाजले. खाली दूधवाल्याची मोटारसायकल थांबली, गेली. सात-पाच. सात-दहा झाले. पडदा काळा होता, त्यात मी आणि पलंग दिसत होतो. सव्वासात झाले तरी काही नाही.

मला हायसं वाटायला हवं होतं. पण हळूहळू एक भलतीच गोष्ट मला जाणवू लागली. कचेरीत माणसं माझ्या खिडकीसमोर उभी राहायची, आणि मी चहाला कधी उठतो याची वाट बघायची, कारण मी उठलो की शेजारचा आकाराम त्यांचं काम पटकन करून द्यायचा. ती माणसं काही बोलायची नाहीत. नुसती उभी राहायची. मला त्यांच्याकडं न बघताही कळायचं.

खोलीत तसं होतं. कुणीतरी मी उठायची वाट बघत होतं, अगदी सबुरीनं, राग न धरता.

मी आठपर्यंत तग धरला. मग उठून स्वयंपाकघरात गेलो, आधण ठेवलं, आणि आतल्या खोलीतून बटणांचा आवाज आला. टक टक टक, एकसारखा, न थांबता. माझ्या हाताला तसं टाइप करता येत नाही. गॅस तसाच ठेवून मी धावलो. खुर्ची रिकामी होती. खुर्चीच्या रेक्झिनवर बसल्याचा खड्डा होता आणि तो माझ्या डोळ्यांदेखत हळूहळू वर येऊन सपाट झाला.

पडद्यावर पत्र उघडं होतं. त्यात पाच ओळी होत्या. मी त्या वाचल्या नाहीत. वाचल्या असत्या तर मला त्या पटल्या असत्या, याची मला भीती वाटली. मी बटण दाबून मशीन बंद केलं.

६

एक दिवस मशीन बंदच ठेवलं. सोमवारी मी कीबोर्डची वायर उपसली, तो बाजारच्या पिशवीत घातला आणि पिशवी खांद्याला लावून रंकाळ्याला गेलो. नेटची वायरही पिशवीत होती. ओळखीचा एक जण म्हणाला, “काय बाळासो, भाजीला का?” मी व्हय म्हटलं.

परत आलो तर टेबलावर रजिस्टर उघडं होतं. नवं पान आखलेलं होतं, पट्टीनं, निळ्या शाईनं. अक्षर माझं. वर मध्यभागी लिहिलं होतं: चार्ज यादी.

सरकारी नोकरीत नसलेल्यांसाठी सांगतो. एक माणूस जागा सोडतो आणि दुसरा त्या जागेवर येतो, तेव्हा खोलीतल्या सगळ्या वस्तूंची यादी होते. खाली डावीकडं ‘चार्ज देणार’ सही करतो, उजवीकडं ‘चार्ज घेणार’. दोन सह्या पडल्या की पहिल्याचा त्या खोलीशी संबंध संपला. मी अशा शंभरएक याद्या केल्या असतील.

या यादीत होतं: संगणक एक. खुर्ची एक, डावा हात मोडका. किल्ल्या दोन. मोबाईल एक. वाटी एक, झुंबरबाईंची, परत करणे. पत्र एक, पूर्ण, आज रोजी जावक.

उजवीकडं ‘चार्ज घेणार’खाली सही झालेली होती. माझीच सही, पण तीस वर्षांपूर्वीची, शेवटची रेघ सरळ. आता माझी ती रेघ वाकडी जाते.

मला भीती वाटायला हवी होती आणि ती वाटतही होती. पण त्याहून जास्त संताप आला तो एका शब्दाचा. पत्र पूर्ण? कुणी ठरवलं? माझं पत्र, माझी मुलगी, माझी चूक, आणि पूर्ण झालं की नाही ते ठरवणारा हा कोण? मी पेन उचललं, ‘पूर्ण’वर आडवी रेघ मारली, वर ‘अपूर्ण’ लिहिलं आणि शेजारी सही ठोकली. खाडाखोड केली की सही करायची, हे हातात मुरलेलं आहे. हात तिथं थांबला नाही. एकतीस वर्षांत ज्या हातानं रिकामा रकाना कधी सोडला नाही, तो खाली आला आणि ‘चार्ज देणार’समोर मी सही केली.

शाई वाळायच्या आत मला कळलं. एका नोंदीवर हरकत घेऊन सही केली, म्हणजे बाकीच्या सगळ्या नोंदी कबूल, हे मीच नव्या कारकुनांना शिकवायचो.

खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘मागे पाहावे’ असं होतं. मी पान उलटलं. मागं एकच नोंद होती: पत्र ज्या व्यक्तीस उद्देशून आहे, ती व्यक्ती.

मी कीबोर्ड जोडला, नेटची वायर जोडली. पत्र खरंच गेलं का, गेलं तर काय लिहून गेलं, ते बघायचं होतं. पासवर्ड घातला. चुकलो, परत घातला. तिसऱ्यांदा एकेक अक्षर मोठ्यानं म्हणत घातला. पडद्यावर आलं: या नावाचा वापरकर्ता अस्तित्वात नाही. मोबाईल हातात घेतला, तर तोही माझं बोट ओळखेना.

दिवसभर मी त्या दोन यंत्रांपुढं बसून होतो. प्रियदर्शनीच्या दुकानाला त्या दिवशी सुट्टी होती.

७

दुसऱ्या दिवशी रंकाळ्यावरून घरी न जाता सकाळी दहाला मी प्रियदर्शनीच्या दुकानात होतो. तिनं कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला.

“बसा. काय बिघडलंय?”

“अहो, मी बाळासो. साने गुरुजी वसाहत. तुम्ही गेल्या आठवड्यात येऊन गेलात, चौदा अक्षरांचा पासवर्ड केला.”

“बाळासो काका व्हय?” ती हसली, पण खुर्चीत जरा मागं सरकली. “त्यांचा तर आत्ता फोन आलता. सगळं झकास चाललंय म्हणाले. लेक आलीया रातच्या गाडीनं बेंगलोरहून. लई खुशीत हुते बिचारे.” मग तिनं माझ्या हातातल्या मोबाईलकडं बघितलं. “तुम्ही त्यांचे कोण?”

मी रिक्षा केली. वाटेत मी काय काय ठरवलं ते सांगत नाही. जिना एका दमात चढलो. दारात बायकांच्या चपला होत्या, धुळीच्या, लांबच्या प्रवासाच्या. माझी किल्ली कुलपात जाईना. आतून हसण्याचा आवाज आला. नऊ वर्षांनी ऐकला तरी मी तो ओळखला, आणि भिंतीला हात टेकून तिथंच उभा राहिलो. तिच्याशी कुणीतरी बोलत होतं, हळू, थांबत थांबत. आवाज माझा होता. मला तसं बोलता येतं हे मला ठाऊक नव्हतं.

मी कडी वाजवली. दार वर्षूनं उघडलं.

तिच्या कानशिलावर दोन-चार केस पांढरे झाले होते, आईचे झाले होते तिथंच. डोळे रडून लाल होते आणि चेहरा हसत होता. हातात कप होता. तिच्या खांद्यावरून मला माझी खुर्ची दिसली आणि तिच्यात पाठमोरा बसलेला एक म्हातारा, घरातल्या बनियनवर. त्यानं मान वळवली नाही. माझी मान मागून कशी दिसते ते मी कधी बघितलेलं नाही, पण मला विचारावं लागलं नाही.

“कोण पावणं?” वर्षू म्हणाली. “कुणाकडं आलायसा?”

ती माझ्याकडं बघत होती. दहा दिवस जिनं बघितलं नव्हतं, ती सरळ माझ्या डोळ्यांत बघत होती, आणि तिच्या नजरेत राग नव्हता, ओळख नव्हती, परक्या म्हाताऱ्याबद्दल वाटते तेवढी माया होती.

मी तुझा बाप, म्हणायला तोंड उघडलं. ती म्हणाली असती, कशावरून? काय सांगणार होतो? किल्ली लागत नाही, मोबाईल ओळखत नाही, सही तिकडं आहे. फक्त मला आणि तिलाच ठाऊक असलेलं, तिचा बापच सांगू शकेल असं काय आहे माझ्याजवळ? मी आठवत गेलो. तिच्या कागलच्या पत्रांतल्या ओळी आल्या, एकेक, तारखेसकट. तिनं त्या मुलाला काय नावानं हाक मारली होती ते आलं. दुसरं काहीच आलं नाही. तिला खायला काय आवडतं तेसुद्धा नाही.

ते तिच्यापुढं उच्चारलं असतं तर तिनं मला ओळखलं असतं.

“झुंबरबाईंकडं आलतो,” मी म्हणालो.

“त्या खाली ऱ्हात्यात. पाणी देऊ का? उन्हातनं आलासा.”

“नको, बाई.”

“कोण हाय गं वर्षू?” आतून आवाज आला.

“कुणी न्हाय, बाबा. जिना चुकून वर आलेत.” माझ्याकडं बघून ती हसली आणि दार लावून घेतलं. आत परत बोलणं सुरू झालं.

मी खाली उतरलो. झुंबरबाईंच्या दारासमोर बराच वेळ उभा राहिलो, पण बेल वाजवली नाही. त्यांनी नाव विचारलं असतं, आणि काय सांगायचं ते मला ठरवता येत नव्हतं.